मायला करमत नव्हतं

आमच्या घरातली शहाणीसुरती माणसं एका शब्दावर वर्षानुवर्षं घसरत राहिली. शब्द साधा होता, 'करमंना'.

माय चुलीपुढं बसायची आणि तव्यावरची भाकरी करपून जायची. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायची, "करमंना." ताप नाही, खोकला नाही, कुठं दुखतखुपत नाही. आता बाईला करमत नाही म्हटल्यावर आमच्याकडं त्याला एकच औषध, माहेर. वडील तिला बैलगाडीनं राणीसावरगावला नेऊन एसटीत बसवून द्यायचे. माहेर गंगाखेडला. तिथं ती भिंतीकडं तोंड करून निजायची. मग माहेरचे म्हणायचे, "लेकरं तिकडं, ही इकडं, करमंल कसं?" आणि पुन्हा एसटीत बसवून द्यायचे. इथंही करमत नाही आणि तिथंही करमत नाही, म्हणजे दुखणं दोन्ही गावांत नसून त्या बाईतच आहे, एवढी अक्कल कुणालाही चालवता आली नाही. मला आजही त्याचा राग येतो.

एकदा ती माहेरी असतानाच विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं. एसट्या बंद झाल्या, खेड्यापाड्यांतून वस्त्या जाळल्याच्या बातम्या यायला लागल्या, आणि माय तिकडंच अडकली. परत आली तेव्हा चुलती म्हणाली, "लोकायची घरं जळायलीत, आन् हिला दोन टाइम भाकर खाऊन करमंना." ज्यांची घरं जळली त्यांना या चुलतीनं जन्मात कधी ओंजळभर पाणी दिलं नव्हतं. पण मायचं तोंड बंद करायला तीच घरं चुलतीला बरोबर कामाला आली. माय खरंच गप्प झाली. पुढं तिनं तो शब्दसुद्धा उच्चारणं सोडलं.

वडील वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. वाईट असते तर सरळ भांडता तरी आलं असतं. करमत नाही म्हणजे करमणूक पाहिजे, असा त्यांनी अर्थ लावला. कापूस विकला त्या वर्षी त्यांनी ट्रान्झिस्टर आणला. माय तो लावायची आणि बंद करायला विसरायची. केंद्र बंद होऊन नुसती खरखर चालायची. मग त्यांनी तिला गंगाखेडच्या टॉकीजला नेलं. सगळं थेटर हसत होतं आणि माय पदराला गाठी मारत आणि सोडत बसली होती. बाहेर आल्यावर वडिलांनी मोठ्या आशेनं विचारलं, "आता तरी करमलं का?" ती हो म्हणाली. तिला त्यांची दया आली असणार.

तिसरी करमणूक म्हणजे मी. "मायपाशी बस, काहीबाही बोल, तिला करमंल," असं वडील सांगायचे. मी शाळेत नुकती जायला लागलेली पोर. मास्तरांची नक्कल केली, चुलतीच्या चालीची केली, रवंथ करणाऱ्या म्हशीचीसुद्धा केली. माय हसली तर मला त्या दिवशी जेवण गोड लागायचं. नाही हसली तर वाटायचं, आपण कमी पडलो. आईला आपल्यासोबत करमत नाही, याचा पोरीनं दुसरा काय अर्थ काढायचा? तिच्या तोंडाकडं बघत बघत मी मोठी झाले. अजूनही कुणी जेवताना गप्प बसलं की मी काहीतरी बडबडायला लागते. लोक म्हणतात, पोरीचा स्वभाव हसरा आहे. डोंबलाचा हसरा!

पुढं मी डी.एड.ला परभणीला गेले. वसतिगृहात सगळ्यांना हसवायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. दुसऱ्या वर्षी मात्र मला सकाळी उठावंसंच वाटेना. अंघोळ जिवावर यायची, पुस्तकातली ओळ संपायच्या आत विसरायची. पोरी म्हणायच्या, नक्कल कर ना, आणि मी पांघरुणात तोंड घालायची. रेक्टरबाईंनी घरी निरोप धाडला. वडील आले, काय होतंय म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "करमंना."

वडिलांचा चेहरा उतरला. आणि तरीही हा माणूस म्हणाला, "मग चल घरी. चार दिवस ऱ्हा. करमंल."

मी त्यांच्या अंगावर ओरडले. तेवढं बळ माझ्यात उरलं होतं याचं मलाच नवल वाटलं.

रेक्टरबाई खमक्या होत्या. मनाच्या आजारांचे एक डॉक्टर त्यांच्या माहितीत होते, तिथं त्यांनी आम्हाला जायलाच लावलं. वडील मायलाही गावाहून घेऊन आले, आणि ऑटोत बसल्या बसल्या त्यांनी बजावलं, "डॉक्टरनं घरचं इचारलं तर मायचं काही सांगायचं न्हाई. आपल्या धाकटीचं लगीन जमायलंय. मायचं लेकीत उतरतंय म्हणलं की सोयरीक मोडली म्हणून समजा." म्हणजे माझं दुखणं डॉक्टरांना नीट कळू नये, यासाठी आम्ही ऑटो करून डॉक्टरांकडं चाललो होतो. मी कपाळावर हात मारला.

डॉक्टरांनी तेच विचारलं. "घरात आधी कुणाला असं झालं होतं का? आईला? खरं सांगा, औषध ठरवायला उपयोग होतो."

"न्हाई, न्हाई," वडील म्हणाले. "आमच्यात कोनालाच न्हाई."

मी मायकडं बघितलं. हिनं आता तोंड उघडलं नाही तर मी हिला कधीच माफ करणार नाही, असं मनात आलं. माय पदर सावरत होती.

"मला हाय," ती म्हणाली.

"अगं..."

"तुमी गप ऱ्हावा. ही पोटात व्हती तवापासून हाय, डॉक्टरसाहेब. माहेरी करमत न्हाई, सासरी करमत न्हाई. लेकरं खेळायलीत, हासायलीत, समदं दिसतं. आत काही पोचत न्हाई."

मग डॉक्टर तिलाच विचारत बसले आणि मी, पेशंट, बाजूला. शेवटी त्यांनी सांगितलं, आईला असलं म्हणजे मुलांना होतंच असं नाही, पण धोका वाढतो. आणि आईला वेळेवर औषध मिळालं तर मुलंही सावरतात. आता दोघींनीही गोळ्या घ्यायच्या.

"यांना आधीच आणायचं होतं," ते वडिलांना म्हणाले.

"हिनं नुसतं करमत न्हाई म्हणलं व्हतं, साहेब," वडील म्हणाले.

वडील गोळ्या आणायला दुकानात गेले. माय आणि मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. मला वाटलं आता ती रडेल. ती माझ्यावर खेकसली, "लोकाच्या लेकी मायकडून गळा घेत्यात, हाताची चव घेत्यात. तुला माझ्याकडून घ्यायला दुसरं काहीच घावलं न्हाई का?"