पदरावरचा शिक्का

"बाई, पदर फिरव."

दिवाणजी खुर्चीवरून उठलाही नाही. हातातल्या छडीचं टोक त्यानं आईच्या पाठीकडं केलं. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या संस्थेच्या अंगणात दर सोमवारी गरजू बायांची रांग लागायची. आईनं जोंधळ्यासाठी पिशवी पुढं धरली होती. ती तशीच धरून ती उभी राहिली.

"पदर फिरव म्हटलं ना. शिक्का दिसला पाहिजे."

लुगडं संस्थेनंच दिलेलं. पदरावर वीतभर लांब, काळ्या शाईचा शिक्का. धर्मार्थ. नेसलं की तो बरोबर पाठीवर यायचा. त्या दिवशी आईनं पदर असा दुमडून घेतला होता की शिक्का घडीत गेला होता.

"घरी जाऊन नीट घेती की, मालक. हितं नगं."

"इथंच. नाहीतर चालती हो."

आईनं डोक्यावरचा पदर काढला. पोती उचलणारे गडी थांबून बघायला लागले. विधवा बाई. उघडं डोकं. एका हातानं छातीवरचं लुगडं धरून दुसऱ्या हातानं घडी सोडत होती. मी अकरा वर्षांची होते. मी पिशवी धरली.

शिक्का दिसला तसा दिवाणजी म्हणाला, "असं. खाताना लाज वाटत नाही, मग नेसताना कसली?"

रांगेतलं कुणीतरी हसलं. आमच्याच रांगेतलं. मग पिशवीत जोंधळा पडला आणि आम्ही घरी आलो.

खोटं कशाला बोलू? त्याच जोंधळ्यावर मी वाढले. तो नसता तर आज हे सांगायला मी नसते. म्हणून तर इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. पण जागायचं म्हणजे किती वाकायचं, ते कुणी सांगत नाही.

आम्ही मूळचे जेऊरकडचे. बाप सोलापुरात गिरणीत लागला, घडीखात्यात. तयार कापडावर शिक्के मारायचं काम. त्याच्या बोटांची शाई कधी गेली नाही. भाकरी मोडतानाही बोटं काळीच. तो म्हणायचा, "कापड कुजंल, पर ही शाई न्हाय जायाची." तो तापानं गेला. मग आई त्याच गिरणीत सूत गुंडाळायला जायला लागली. खोकला लागला तशी तिला काढून टाकलं. गावी भावकी होती, पण तिथं कोण ओळख देणार? राहिली ती संस्था.

शिक्का कशासाठी, तर म्हणे बाया लुगडी विकून खातात. विकलंही असेल एखादीनं. पोटाला चिमटा बसला की माणूस काय विकत नाही? पण शिक्षा सगळ्यांच्या पाठीवर.

आईनं तो शिक्का घालवायला काय काय केलं! रिठा लावला. राख चोळली. सोड्यात उकळलं. धोपटून धोपटून लुगड्याचा रंग गेला, सूत विरलं. शिक्का होता तसाच. बापाचं म्हणणं खरं ठरलं. ओलं लुगडं मांडीवर घेऊन ती त्या काळ्या अक्षरांवरून बोट फिरवत बसायची. तिला वाचता येत नव्हतं. मलाही नव्हतं. पण ते काय आहे ते पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

गल्लीतल्या पोरी कोळशानं एकमेकींच्या पाठीवर रेघोट्या ओढायच्या आणि ओरडायच्या, "धर्मार्थ आली, धर्मार्थ आली!" मी भिंतीला टेकून बघायची. बाया काही वाईट बोलायच्या नाहीत. संक्रांतीला आमच्या घरावरून वाण घेऊन जाताना तेवढं आमचं दार बाहेरून लोटून घ्यायच्या. बोलवायलाही नको आणि टाळलं असं दिसायलाही नको. त्या लोटलेल्या दारांचा मला आजही राग येतो. शिवी दिली असती तर परत तरी दिली असती.

समोर नरसव्वाचं घर होतं. तेलुगू विणकर, घरात दोन हातमाग. एक दिवस तिनं मला हाक मारली. "ए अम्मा, नुसतं काय बसतीस? हितं ये, कांड्या भर." कांड्या म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या लहान नळ्या. त्यांच्यावर सूत गुंडाळायचं. मी चरख्यापाशी बसले ती बसलेच. तिला मराठी थोडं, मला तेलुगू अजिबात नाही. दिवसदिवस आम्ही बोलायचो नाही. पण तिनं माझ्या पाठीकडं कधी बघितलं नाही.

सोळाव्या वर्षी त्या कामाच्या बदल्यात मी एक लुगडं घेतलं. विटकरी, काळ्या काठाचं. नरसव्वाच्या मागावरचं. त्यातल्या कांड्या मीच भरलेल्या. आईनं ते हातात घेतलं. सगळा पदर उलगडला. दोन्ही बाजूंनी चाचपला.

"ह्येच्यावर काय बी न्हाय?"

"न्हाय."

"नीट बघ की."

मी पुन्हा दाखवलं. ती हसली. गड्ड्याच्या जत्रेला नेस म्हणाली. मी ते पेटीत ठेवलं.

जत्रा यायच्या आत आई गेली. सकाळची वेळ होती. गल्लीतली चार माणसं तिरडी बांधायला आली. तेवढ्यात दिवाणजी कापड घेऊन हजर. संस्था बेवारस-गरिबांना प्रेतावरचं कापड द्यायची. मागायलाही लागायचं नाही. त्यानं स्वतः ते आईवर पांघरलं. पांढरं, कोरं. आणि मधोमध, छातीवर, शिक्का.

बांधणाऱ्यातल्या एकाला बरं वाटलं नसावं. त्यानं शिक्का आत जाईल अशी कापडाची घडी घातली. दिवाणजीनं ती परत उलगडली.

"वर राहू दे. रस्त्यानं कळू दे लोकांना कुणी दिलं ते."

मला आधी वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय. मीच बोलत होते.

"काढा त्ये."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, मेल्या माणसाच्या अंगावरचं वढू न्हाई." मी पुढं झाले. आईच्या अंगावरून ते कापड काढलं. घडी घातली. दिवाणजीच्या हातात दिलं.

"मग काय उघडी नेणार?" तो म्हणाला.

मी पेटी उघडली. विटकरी लुगडं काढलं आणि आईवर पांघरलं.

"रांडमुंडीच्या अंगावर रंगीत?" मागून कुणीतरी कुजबुजलं. दिवाणजीनं त्या चार माणसांकडं एकेक करून बघितलं. तिघं उठून गेले. तिघांच्याही घरी संस्थेचा जोंधळा होता. आज मी त्यांना दोष देत नाही. तेव्हा दिला, शिव्या घालून दिला.

आईला खांदे मिळाले नाहीत. उरलेला एकजण आणि नरसव्वाचा नवरा, दोघांनी हातगाडीवर नेली. मी दारात उभी राहून चाकाचा आवाज ऐकत होते. मग तोही गेला. घरात मी आणि दोरीवर आईचं ते शिक्क्याचं लुगडं. मला रडू आलं नाही. भीती वाटली. ह्या एवढ्या पेठेत आता माझं कुणी नाही, ह्याची भीती.

सुतक फिटल्यावर मी नरसव्वाची कात्री आणली. लुगड्यावरचा शिक्का कापून काढला. चौकोनी तुकडा. सोमवारी रांगेत उभी राहिले.

"ये," दिवाणजी म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. "झालं गेलं विसर. पिशवी धर."

मी तुकडा त्याच्यापुढं ठेवला.

"ह्यो तुमचा शिक्का. बाकीचं लुगडं माझ्या आईनं झिजवलंय. त्ये आमचं."

"आणि जोंधळा?"

"नगं."

मला वाटलं होतं, एक तरी बाई पिशवी खाली ठेवील. एक तरी. मागची बाई माझ्या दंडाला धरून म्हणाली, "आगं, तुझ्यापायी आमचं बी बंद हुईल की! जा, जा हितनं." मी निघाले. अंगणाच्या दारापर्यंत पोचले तेव्हा मागं तिच्या पिशवीत जोंधळा ओतल्याचा आवाज आला.

तो हिवाळा मी कांड्या भरून काढला. एक वेळ खाल्लं. कधी तेही नाही. पुढं नरसव्वाच्या मागावर बसायला शिकले. बाईनं मागावर बसू नये म्हणणारे होते. त्यांच्यातल्या कुणी मला भाकरी आणून दिली नव्हती, म्हणून त्यांचं ऐकायचं कारण नव्हतं.

आता केस पिकलेत. एकटीच राहते. आईचं ते लुगडं अजून पेटीत आहे. पदराला भोक आहे, कडा मी शिवून घेतल्यात. त्याच पेटीत खाली पांढरं कापड आहे. मी विणलेलं, माझ्या मापाचं. गल्लीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय. मी गेले की पेटी उघडायची. दुसऱ्या कुणाचं कापड दाराच्या आत घ्यायचं नाही, कितीही मोठ्याचं असो. खांदा द्यायचा त्यानं द्यावा. नाही मिळाले चार, तर हातगाडी आणा. माझी आई तशीच गेली. मीही जाईन.

पण कापड उलगडून बघा. दोन्ही बाजूंनी बघा. त्याच्यावर काही नाही.