नाही म्हणायला शिकली तेव्हा

आमच्या धायरीच्या घरात पाहुण्याने चप्पल काढायच्या आत लेकीचा कार्यक्रम सुरू व्हायचा. जय कर. टाटा कर. चिमणी कशी उडते? दहा महिन्यांचं पोर, भुकेलेलं, लंगोट ओला, तरी हात जोडून दाखवायचं. मला शिसारी यायची. दारावरच्या नंदीबैलाला निदान सुपातलं धान्य तरी मिळतं.

हे सगळं आम्हीच तिला शिकवलेलं. तिची स्वतःची खूण मात्र तिला एकदा नाचणीची पेज खाताना सापडली. पोट भरल्यावर तिनं तोंड फिरवलं. मी चमचा पुन्हा पुढे केला, तशी माझ्याकडे बघत तिनं मान डावीउजवीकडे हलवली. नको. मी चमचा खाली ठेवला. आपलं ऐकलं गेलं हे तिला कळलं, चेहऱ्यावर दिसलंच ते. मला वाटलं, आज आमचं पहिलं बोलणं झालं.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि संपलंच सगळं. "नाही नाही कर बघू" हा घरातला नवा आयटम झाला. "आई आवडते का गं?" असं विचारायचं, तिची मान हलली की खो-खो हसायचं, टाळ्या पिटायच्या, मोबाइल काढायचे. फारच विनोदी माणसं आमच्याकडची.

संक्रांतीनंतर तिचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, गळ्यात टोचणारे हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे. नवऱ्याच्या मामांनी तिला पाटावरून उचललं. तोंडाला तंबाखूचा आंबूस वास, मिशीत चुरमुरा अडकलेला.

"आजोबांना पापी दे," ते म्हणाले.

तिनं अंग मागे घेतलं, दोन्ही हातांनी त्यांना ढकललं आणि जोरजोरात मान हलवली. अख्खी खोली हसली. मामांनी ओले ओठ तिच्या गालावर दाबले. मी दोन्ही हात पुढे केले.

"अहो, नको म्हणतेय ती. द्या इकडे."

"गंमत करतेय," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा कर गं, नाही नाही."

मी तिला जवळजवळ ओढूनच घेतलं आणि पदरानं गाल पुसला. तिचे ओठ रडायला वाकडे झाले होते, मान अजून हलत होती. तिनं भोवतीचे हसरे चेहरे पाहिले. मग मान हलवायची थांबली आणि त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवू लागली.