रविवारचा भूकंप आणि कानातले खडे

जबलपूरच्या माणसाला भूकंपाची थट्टा चालत नाही. एकदा जमीन हललेली ज्यांनी पाहिली, ते आजही कपाट खडखडलं की आधी दाराकडे बघतात. मी त्यातलाच. त्यामुळे त्या रविवारी दुपारी जेवून आडवा झालो, उजव्या कुशीवर वळलो आणि छत, पंखा, भिंतीवरचं कॅलेंडर सगळं गरगरत एका बाजूला धावायला लागलं, तेव्हा मी कुठल्याही शहाण्या जबलपूरकरानं केलं असतं तेच केलं. "भूकंप! भूकंप!" असं ओरडत, भिंतींना आपटत, बनियन-पायजम्यावर अंगणात आलो आणि फाटकाला मिठी मारून उभा राहिलो.

जबलपुरातल्याच गोरखपूर भागातली आमची गल्ली अशा बाबतीत फार तत्पर आहे. बघता बघता सगळी बाहेर. कुणी पोर काखेत मारून, कुणी उष्ट्या हातानं. समोरचे रेल्वेतले भाईसाहेब म्हणाले, "हां जी, हमें भी लगा. बर्तन हिले हैं." त्यांच्या मिसेसना तर आधीचा एक छोटा झटकाही जाणवला होता.

फक्त माझी बायको दारात शांत उभी होती, हातात भांडी घासायची घासणी. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग तुळशीजवळच्या भरलेल्या बादलीकडे पाहिलं, आणि हळूच मराठीत म्हणाली, "अहो, बादलीतलं पाणी तर हालूनच नाही राहिलं."

मी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होतो. आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेला माल मापाचं गेज लावून नाकारला. संशय घेण्याचाच पगार खाल्ला म्हणा. पण माझ्याच घरात माझ्यावर गेज लावलेलं मला खपलं नाही. "तू स्वयंपाकघरात होती, तुला काय समजणार," असं म्हणून मी आत गेलो. आत गेल्यावर मात्र पलंगावर न पडता खुर्चीवर बसून राहिलो, कारण बादलीतलं पाणी मीही पाहिलं होतं. जमीन हलली नव्हती. मग हललं ते माझ्या आत काहीतरी होतं.

आणि ते काय असेल याची मला पूर्ण खात्री होती. माझे बाबा याच फॅक्टरीत होते. त्यांना एके दिवशी चक्कर आली, तेव्हाच्या एका डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, "थोडी कमजोरी है, गॅस है, आराम कीजिए." इतकं सोपं, कुणालाही कळेल असं. आठवडा व्हायच्या आत बाबांचा उजवा हात लुळा पडला. पुढची सगळी वर्षं माझी बायको, तेव्हा घरातली नवी सून, त्यांना भरवायची. तेव्हापासून माझा एक पक्का समज झाला: डॉक्टर सोपं बोलायला लागला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

म्हणून मी कुणालाच काही सांगितलं नाही. गुपचूप स्वतःचं इन्स्पेक्शन सुरू केलं. फरशीच्या सरळ रेघेवरून पाय जुळवून चालायचं. आरशासमोर जीभ काढायची, ती वाकडी जाते का पाहायची. सगळे दात दाखवून हसायचं, तोंड दोन्हीकडे सारखं ताणतं का ते तपासायचं. एकदा बायकोनं पकडलंच.

"काय करून राहिले जी? आरशात पाहून कोणासाठी हसून राहिले?"

"दात पाहून राहिलो."

"तीस वर्षांत कधी नाही पाहिले ते!"

पण तिचंही काही ठीक दिसत नव्हतं. जी बाई लोणच्याची बरणी मला हात लावू देत नसे, ती आता सारखी म्हणायची, "अहो, एवढं झाकण उघडून द्या." ओला टॉवेल पिळायला माझ्याकडे. नारळ फोडायला माझ्याकडे. देताना वस्तू बरोबर माझ्या उजव्या हातात द्यायची आणि माझ्या तोंडाकडे नाही, बोटांकडे बघायची. मी म्हटलं, हिला काहीतरी माहीत आहे. पुण्याला नोकरीला असलेल्या आमच्या पोराशी फोनवर बोलताना आवाजही बारीक करते. मी दाराआड कान लावला, तर ती मेथीचा भाव सांगत होती. हे तर फारच संशयास्पद वाटलं. मेथीचा भाव कुणी एवढ्या हळू सांगतं का?

शेवटी बिंग फोडलं वरच्या फळीवरच्या चिवड्याच्या डब्यानं. मान वर करून डब्याला हात घातला, आणि स्वयंपाकघर फिरलं. मी डबा सोडला आणि बायकोचा खांदा पकडला. चिवडा सगळीकडे. तिनं मला खाली बसवलं, चिवड्यावरच, आणि विचारलं, "आता हा पण भूकंपच काय?"

संध्याकाळी ऑटोनं सदर बाजारात. मला वाटलं मेंदूच्या डॉक्टरकडे नेते आहे. पाटीवर पाहतो तर कान-नाक-घसा! माझं डोकं गरगरतंय आणि ही कान दाखवते. संशय आणखी पक्का झाला: मला सांगायचं नाही म्हणून मायलेक ठरवून आधी फुसक्या डॉक्टरकडे नेताहेत.

इथं आमच्या लोकांची एक सवय सांगायला हवी. जबलपूरच्या मराठी घरांत मराठी ही नुसती घरची भाषा नसते, ती तिजोरी असते. दुकानदारासमोर साडीला नावं ठेवायची ती मराठीत. पाहुण्याच्या समोर "चहाला दूध नाही" सांगायचं ते मराठीत. सगळं शहर हिंदी, त्यामुळे आपण आवाज बाहेर न जाणाऱ्या काचेच्या पेटीत बसून हवं ते बोलतोय असा आमचा ठाम समज.

डॉक्टर निघाली एक तरुण मुलगी. मी बायकोला म्हणालो, "ही तर शाळेतून सुटून सरळ इथंच आलेली दिसते."

"हळू बोला."

"तिला काय समजते!"

डॉक्टरबाईंनी हिंदीत एकामागून एक प्रश्न विचारले. बोलताना जीभ जड झाली होती का? एका हातातली किंवा पायातली ताकद गेली? तोंड वाकडं झालं? एकाचे दोन दिसले? गरगरणं किती वेळ टिकतं? मी म्हटलं, मिनिटाच्या आत थांबतं, पण कूस बदलली की पुन्हा. बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "अंकल जी, आपके कान के अंदर के छोटे-छोटे पत्थर अपनी जगह से खिसक गए हैं. अभी वापस बिठा देते हैं."

कानातले खडे! मी बायकोकडे वळलो. "ऐकलं? मुतखडा ऐकला होता, पित्ताचा खडा ऐकला होता. आता कानात पण खडे. ही जादूटोणा करणारी दिसते. सोपं सोपं बोलून राहिली, म्हणजे खरं लपवून राहिली. चाल, उठ."

पण बायको उठेना. मग मी बाईंना हिंदीत बजावलं की मला लहान मुलासारखं समजावू नका, आजाराचं खरं नाव सांगा. त्यांनी सांगितलं: बिनाइन पॅरॉक्झिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. वा! हे कसं आजारासारखं वाटलं. पण त्यांनी लगेच ते नाव माझ्यासमोर खोललं. व्हर्टिगो म्हणजे गरगरणं. पोझिशनल, डोक्याची ठेवण बदलली की होणारं. पॅरॉक्झिस्मल, झटक्यानं येऊन जाणारं. आणि बिनाइन म्हणजे जिवाला धोका नसलेलं. हा शेवटचा शब्द मला मुळीच आवडला नाही. ज्या मालावर आधीच ओके लिहिलेलं असायचं, त्याची पेटी मी सगळ्यात आधी फोडायचो.

"लेटिए," म्हणत त्यांनी माझी मान उजवीकडे वळवली आणि मला झटकन मागे पाडलं, डोकं टेबलाच्या काठाखाली लोंबतं. छत फिरलं. मी डोळे मिटून ओरडलो, "अगं, ही पोरगी मारून टाकून राहिली मला!"

"मारून नाही राहिली काका," वरून स्वच्छ नागपुरी आवाज आला. "डोळे पाहून राहिली. उघडा न बाप्पा."

मी डोळे उघडले. आता गरगरण्यापेक्षा लाज जास्त होती. बायकोनं पदर तोंडाला लावला. बाई नागपूरला शिकल्या होत्या. म्हणाल्या, "सगळी वर्षं मेसच्या काकूंनी मराठीत रागावून रागावून जेवू घातलं मला. शाळेतून सुटली ते बरोबर, पण मधात कॉलेज पण झालं."

मग त्यांनी मला त्याच भाषेत सांगितलं. कानाच्या पडद्याच्या पलीकडे, अगदी आत, पाण्यानं भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. डोकं वळलं की पाणी हलतं, आणि मेंदूला कळतं आपण वळलो. म्हणजे आमच्या फॅक्टरीतली सपाटी तपासायची स्पिरिट लेव्हलच, मी मनात म्हटलं. शेजारीच खडूच्या भुकटीसारखे बारीक कण चिकटलेले असतात. वयानं ते सुटून नळीत पडतात. मग आपण थांबलो तरी ते घरंगळत राहतात, पाणी ढकलतात. डोळे म्हणतात घर उभं आहे, कान म्हणतो फिरतं आहे. ते भांडण म्हणजे चक्कर. "तुमची बुबुळं आत्ता धावत्या गाडीतून खांब पाहिल्यासारखी थरथरत होती. त्यावरून समजते खडे कुठल्या कानात आहेत."

बादली आठवली. बाहेरचं पाणी शांत होतं, हललं ते कानातलं.

जत्रेत काचेखाली छर्रे असलेली एक डबी मिळते, ती वाकडीतिकडी करून छर्रा खड्ड्यात पाडायचा असतो. पुढची काही मिनिटं मी ती डबी होतो. डोकं उजवीकडे, थांबा. डावीकडे, थांबा. कुशीवर, नाक जमिनीकडे, थांबा. उठा.

निघताना मी विचारलंच, "पण लकवा नाही न हा?"

बाई हसल्या नाहीत. "आत्ता तसं एकही लक्षण नाही. पण चक्करसोबत कधी जीभ जड झाली, हात लुळा पडला, चालता नाही आलं, तर माझ्याकडे यायचंच नाही. सरळ मोठ्या दवाखान्यात, एक मिनिट न थांबता. आज रात्री उजव्या कुशीवर झोपू नका, उद्या वळून पाहा."

बाबांना हे प्रश्न कुणी विचारले नव्हते. सोपं बोलणारे बाबांचे डॉक्टरही होते आणि याही. फरक विचारण्यात होता. आणि आपल्याकडे केव्हा येऊ नये हे सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला.

तरी इन्स्पेक्टरचा जीव. दुसऱ्या दिवशी दुपारी पलंगावर पडलो, पलंगाचा काठ धरला. बायको शेजारी उभी. उजवीकडे वळलो. छत छतावर होतं, पंखा पंख्याच्या जागी.  मग तिच्याकडे पाहिलं तर तिनं त्या दिवशी बादलीकडे पाहिलं होतं तशीच ती माझ्या उजव्या हाताकडे पाहत होती. काठावर आवळलेली माझी मूठ तिनं हळूच सोडवली.

तेव्हा मला बरणी, टॉवेल, नारळ सगळं एकदम समजलं. बाबांना तिनंच तर भरवलं होतं.

 संध्याकाळी तिनं पुन्हा लोणच्याची बरणी पुढे केली.

"अजून मूठच तपासून राहिली का?" मी विचारलं.

"नाही जी," ती म्हणाली, "आता खरंच उघडून नाही राहिली."

माझ्याकडूनही उघडली नाही. समोरच्या भाईसाहेबांना हाक मारली. झाकण काढता काढता ते मला सांगत होते, त्या रविवारी त्यांच्या भिंतीला बारीकशी चीर पडली आहे.