तारामतीची जळकोटवारी सायकलवरून

तेरच्या तारामतीनं अठ्ठावन्नाव्या वर्षी सायकल घेतली आणि एका सकाळी लेकीला भेटायला ती थेट जळकोटला निघाली. घरची अब्रू रस्त्यावर आली, असं तिच्या धाकट्या दिराला, धनाजीला वाटलं. मोटारसायकल काढून त्यानं तिला तुळजापूरच्या अलीकडं गाठलं. ती बाभळीखाली मागचं चाक काढून बसली होती.

"फिटली हौस? बसा माझ्या मागं. सायकल टेंपोत टाकू."

"पंक्चर चाकाला झालंय भावजी, मला न्हाय."

डब्याच्या झाकणात पाणी ओतून तिनं ट्यूब बुडवली. बुडबुडे आले तिथं खूण केली, ट्यूब पुसून घासली आणि सोल्युशन लावून ठिगळ दाबून बसवलं.

"आता तरी टायर चढवा की!" धनाजी खेकसला.

पण तारामती मेंढपाळाची लेक. मेंढराच्या खुरातला काटा निघाला, तरी आत टोक राहिलंय का हे बोटानं चाचपल्याबिगर तिचा बाप मेंढरू सोडत नसे. तिनं जुन्या लुगड्याची चिंधी टायरच्या आतून फिरवली. चिंधी अडकली. बाभळीचा काटा अजून आतच होता. टायर तसंच चढवलं असतं, तर चाक पुन्हा पंक्चर झालं असतं.

काटा उपसून तिनं दिराच्या तळहातावर ठेवला. चाक बसवलं, हवा भरली, पदर खोचला.

"गावात हा दाखवा. म्हणावं, वैनीला अडवायला दोघं आले होते. त्यातल्या त्यात हाच जरा टोकदार निघाला."