प्राचीच्या खोलीतली पांढरी डबी

प्रयागबाईंचा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, हे सगळ्या पळसदेव गावाला ठाऊक आहे. डॉक्टरच्या गोळीचा त्या आधी वास घेतात आणि फोटो काढणाऱ्याला ‘कशापायी?’ म्हणून विचारतात. त्यांचाही दोष नाही. अर्धा जन्म मेंढरांमागे गेला. रोज नवं रान, नवा मळेवाला. रात्री जेवू घालणाराच पहाटे कोकरू लांबवायचा. आता मेंढरं विकून उजनीच्या पाण्यावर वांगी आणि ऊस आला, पण डोळ्यांची सवय गेली नाही.

त्यांचा ज्ञानेश हॉलंडला फुलांच्या कंपनीत आहे. यंदा उन्हाळ्यात तो बायकोला, मोनाला, आणि तान्ह्या प्राचीला घेऊन आला. सामानातून लेकराची घडीची कॉट निघाली आणि ती वेगळ्या खोलीत मांडली गेली.

“एकलीच झोपणार व्हय ती?”

“तिकडं असंच असतं, आत्या,” मोना म्हणाली. “आपलं आपण झोपायची सवय लागते. रडली तरी लगेच उचलायचं नाही.”

प्रयागबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्या वाड्यावर, म्हणजे रानातल्या मेंढरांच्या तळावर, लेकरू एकटं कधी नसायचंच. वाट चालताना ते कोकरांसोबत घोड्याच्या पाठीवर असायचं आणि मुक्काम पडला की बाभळीच्या झोळीत. रडलं की जवळची बाई घ्यायची, मग ते कुणाचं का असेना. हा ज्ञानेशच कितीजणींच्या कडेवर वाढला! आणि तोच आता सांगत होता की तिकडे शेजारीसुद्धा फोन करून, वेळ ठरवून येतो.

“भित्यात का काय एकमेकास्नी?” त्या म्हणाल्या.

त्यात ज्ञानेशने कॉटसमोरच्या कपाटावर एक पांढरी डबी ठेवली. “क्यामेरा हाय, आई. कुठंबी असलो तरी प्राची मोबाइलवर दिसती.”

“तिच्यावर नजर ठिवाया, का माज्यावर?”

ज्ञानेश नुसता हसला. झालं, प्रयागबाईंना तेवढं पुरलं. मोना सारखी हात धुवायला सांगते, मिश्रीच्या वासाने नाक मुरडते, त्यांनी धरलेला खुळखुळा विसळून घेते. आता सगळ्याचा मेळ लागला. एक चूक सापडायची खोटी, की पुढच्या वर्षी नात डोळ्यांना दिसायची नाही. ही धास्ती त्यांच्या मनात बसली.

एका दुपारी ज्ञानेश आणि मोनाला इंदापूरला बँकेत जायचं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून झोपलेल्या प्राचीला आजीजवळ ठेवून दोघं गाडीतून गेली.

थोड्या वेळाने प्राची उठली. आधी कुरकुरली, मग तिने भोकाड पसरलं. प्रयागबाई धावत आत गेल्या, वाकल्या, आणि त्यांची नजर डबीवर पडली. त्यांनी हात मागे घेतले.

‘बगू देत,’ त्या मनाशी म्हणाल्या, ‘सुनंचा शब्द मोडत न्हाय मी.’

प्राचीने कॉटमधून दोन्ही हात वर केले. प्रयागबाईंनी पदर मुठीत आवळून धरला. “उगी, माजी बाय, उगी,” एवढंच त्या पुटपुटत राहिल्या. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती.

रडणं ऐकून शेजारची नकोशी नावाची बाई खिडकीशी आली. “अवो काकू, पोरगी रडून निळी व्हईल! घ्या की तिला!”

“न्हाय घ्यायची! तिकडची रीत हाय!” त्या मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, डबीला ऐकू जावं म्हणून.

गाडी आली तेव्हा प्राचीचा आवाज बसला होता, नुसते हुंदके येत होते. मोनाने तिला झडप घालून उचललं.

“आत्या, अहो किती रडलीय ही! का नाही घेतलं तुम्ही?”

“तूच म्हनली हुतीस, उचलायचं न्हाय. आन तुमी बगत हुता की तिकडनं!” प्रयागबाईंनी डबीकडे बोट केलं.

ज्ञानेशने डबीकडे पाहिलं, मग आईकडे. त्याचा आवाज खाली आला.

“ती बंद हाय, आई. जाताना मीच बंद केली. मोनाच म्हनली, आत्या घरात असताना क्यामेरा कशाला?”

प्रयागबाई खाली बसल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, “ये, माजी बाय,” म्हणाल्या. प्राचीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.