ऑफ-सीझनचं पोट

जिम चालवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी न मागता जमतात, पोरांनी विसरलेले नॅपकिन आणि किस्से. नॅपकिन मी दिवाळीच्या साफसफाईत टाकून देतो. किस्से टाकवत नाहीत, आणि चार दोस्त बसले की एकामागून एक बाहेर येतात.

आमची जिम बोईसरला, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. जिना अरुंद आणि चढा. नवीन पोराला मी सांगतो, तुझा पायाचा व्यायाम इथूनच सुरू झाला. येणारे बहुतेक एमआयडीसीतले. कोणी शिफ्टला जाताना येतो, कोणी शिफ्ट सुटल्यावर.

सगळ्यात जास्त किस्से ऑफ-सीझनचे. बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धा असतात तेव्हा पोरं महिनोन्‌महिने मीठसुद्धा जपून खातात आणि रडकुंडीला येतात. स्पर्धा संपल्या की ऑफ-सीझन. तेव्हा अंग भरायचं, ताकद वाढवायची, म्हणून जास्त खायचं. काय खायचं आणि किती खायचं हे मी नीट समजावून सांगतो. पोरं त्यातलं फक्त 'खायचं' एवढंच ऐकतात.

०००

आमचा हेमंत कराडकडचा, इथे केमिकल कंपनीत ऑपरेटर. ऑफ-सीझनच्या पहिल्याच आठवड्यात त्याला कंपनीच्या गेटवर अडवलं. पिशवीत भात, उकडलेली अंडी, चिकन, शेंगदाण्याचे लाडू आणि केळ्यांचा अख्खा घड.

सिक्युरिटीवाला म्हणाला, "भाई, अंदर दुकान लगाओगे क्या?"

हेमंत अगदी शांतपणे म्हणाला, "ये तो नाश्ता है. डब्बा पीछे की बस में आ रहा है."

आणि डबा खरंच मागच्या बसने आला. शेजारच्या खोलीतल्या माणसाला त्याने त्यासाठी खास विनवलं होतं.

०००

आता आमचा खरा हिरो, दिन्या. उमरोळीचा. एका कंपनीत फिटर आहे, आणि खांदे असे की दारातून तिरका आत येतो. मागच्या जिल्हास्तरीय स्पर्धेत त्याचा नंबर एका पोझने गेला होता. पुढच्या वर्षी स्टेजवर पहिलं यायचंच, ही त्याची जिद्द. जिद्दीचं मला कौतुक आहे. जिद्दीच्या नावाखाली तो काय काय गिळत होता, त्याचं नाही.

डहाणूकडून चिकू यायला लागले की दिन्याच्या घरी पेटी यायची. दुधात चिकू, वर खवा, त्यावर मध, आणि हे सगळं मिक्सरमध्ये. तो पातेल्यातून पीत असे, कारण ग्लास त्याला अपमान वाटायचा.

मी म्हटलं, "दिन्या, ह्यात साखर किती गेली कळतंय का?"

"सर, साकर घातलीच नाय," तो म्हणाला. "चिकू हाय तो. देवाने केलेला हाय."

आता देवाशी कोण भांडणार?

०००

आमच्याकडे भिंतीवर खिळ्यांची रांग आहे. वजन उचलताना कमरेला बांधायचे चामडी पट्टे त्यावर टांगलेले असतात, प्रत्येकाचा खिळा ठरलेला. आषाढात एके दिवशी दिन्याने पट्टा बांधायला घेतला, तर शेवटच्या भोकापर्यंत बक्कल पोचेना. त्याने श्वास सोडला, हेमंतला मागून गुडघा लावून ओढायला सांगितलं. नाहीच.

"सर, पावसाने चामडं आखडलं," दिन्या म्हणाला.

मी म्हटलं, "माझाही पट्टा शेजारच्याच खिळ्याला होता. तो नाही आखडला."

हेमंत लगेच म्हणाला, "सर, तुमचा पट्टा वयस्कर हाय. त्याला समज आलीय."

सगळे हसले, दिन्यासुद्धा. पण दुसऱ्या दिवशी तो नवीन, लांब पट्टा घेऊन आला. ते मला आवडलं नाही. कंबर वाढली तर कंबर बघावी, पट्टा कशाला बदलायचा?

०००

मग त्याच्या कंपनीत वार्षिक मेडिकल आलं. तिथे पोटाचा घेर मोजतात. आमच्या जिमचा एकच मंत्र आहे, 'पोट आत'. स्टेजवर पोट इतकं आत ओढायचं की पाठीला चिकटावं. त्यात दिन्या उस्ताद. सिस्टर टेप घेऊन आल्या, आणि दिन्याचं पोट गायब.

डॉक्टरांनी नाव विचारलं. बोलला तर श्वास सुटेल, म्हणून दिन्याने गळ्यातलं आयकार्ड दाखवलं. वय विचारलं, तेही कार्डावर बोट ठेवून दाखवलं. काही त्रास होतो का? मानेनेच नाही.

डॉक्टरांनी शांतपणे खुर्ची ओढली आणि म्हणाले, "सिस्टर, टेप सोडू नका. आपल्याला घाई नाही."

दिन्या लाल झाला, मग जांभळा. शेवटी श्वास सुटला आणि टेप सिस्टरच्या हातातून निसटली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, उपाशीपोटी शुगर तपासून घेणे.

०००

उपाशीपोटी! बॉडीबिल्डरला हा शब्द शिवीसारखा लागतो. आमच्या पोरांची पक्की समजूत असते, की रात्रभर पोट रिकामं राहिलं तर सकाळपर्यंत दंड उतरतात. म्हणून ऑफ-सीझनमध्ये गजर लावून उठतात, काहीतरी खातात आणि पुन्हा झोपतात.

दिन्या सकाळी लॅबमध्ये गेला. रक्त काढणाऱ्या ताईंनी विचारलं, "उपाशी आहात ना?"

"हो मॅडम. एकदम उपाशी."

"शेवटचं कधी खाल्लं?"

"पाटे चारला. शेक आन केळी. पन झोपेत खाल्लं मॅडम, ते धरत नाय."

ताईंनी सुई परत ठेवली. "उद्या या. रात्री जेवल्यावर काही खायचं नाही."

"मॅडम, दंड उतरतील."

"उतरू देत," ताई म्हणाल्या. "पुढचा कोण?"

दुसऱ्या दिवशी दिन्या गेलाच नाही.

०००

मग मीच मशीन आणलं. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, आकडा येतो. हे मशीन डॉक्टरची जागा घेत नाही, पण डॉक्टरकडे ढकलायला बरं पडतं. रविवारी सगळ्यांना सकाळी न खाता बोलावलं. रात्रीचं खाणाऱ्यांना आदल्या दिवशीच दम दिला होता.

हेमंतचा आकडा आला, अगदी व्यवस्थित. दोन-तीन पोरांचे आले. मग दिन्याचा. सगळ्यांपेक्षा मोठा, चांगलाच मोठा.

आता आमच्या खोलीत सवय अशी, की ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. वजनाचा, दंडाचा, छातीचा, कसलाही. दिन्याने आकडा बघितला आणि दोन्ही हात वर करून दंडांची पोझ ठोकली. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मी म्हटलं, "दिन्या, हात खाली घे. ह्यात लहान आकडा जिंकतो."

हात खाली आले. तो बेंचवर बसला आणि बोटावरचा कापूस दाबून धरला. मग म्हणाला, "सर, बाबाचा पन असाच चालू झाला होता."

त्याचे वडील, भास्करकाका, बोईसर स्टेशनला रिक्षा चालवायचे. शुगर झाली, पायाला जखम झाली, ती चिघळली आणि अंगठा काढावा लागला. रिक्षा सुटली. तेव्हापासून ते तपासणी करून घेतच नव्हते. मशीन आणू का विचारलं की म्हणायचे, "मागल्या टायमाला आकडा बगितला आन आंगठा गेला. आता बगून काय घालवू?"

दिन्याच्या डोळ्यात मी पहिल्यांदा भीती बघितली. दुसऱ्या दिवशी मीच त्याला पालघरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून शुगरच्या उंबरठ्यावर आहेस, आत गेला नाहीस. पोट कमी कर, खाणं सुधार आणि तीन महिन्यांनी परत ये. सुधारलास तर बापाच्या वाटेने जाणार नाहीस.

०००

दिन्याने ऐकलं, हे मी अभिमानाने सांगतो. पातेलं आईला परत दिलं. नाचणीची भाकरी, मासे, पालेभाजी, कडधान्यं, आणि भात एकदाच. जेवल्यावर उमरोळी स्टेशनपर्यंत चालत जायचा आणि परत यायचा. ऑफ-सीझनमध्येही कंबर आटोक्यात ठेवून अंग भरता येतं, हे मी वर्षानुवर्षं ओरडतोय. त्याला ते शुगरने ऐकवलं.

घरच्यांना मात्र ते पसंत नव्हतं. गावात हळद होती तिथे त्याच्या मावशीने मला गाठलं. "तूच का तो जिमवाला? पोरगा एकदा वाडलं का उठतो पानावरून. काय करून ठेवलंस त्याला?"

मी म्हटलं, "मावशी, तो तब्येत करतोय."

"तब्येत?" मावशी म्हणाली. "तब्येत आदी होती. आता नुसता मानूस राह्यलाय."

०००

तीन महिने झाले. पालघरला जायच्या दिवशी दिन्या सकाळी जिमला आला. डॉक्टरकडे जाण्याआधी इथे बघायचं होतं त्याला, सगळ्यांसमोर. तो मशीन काढत होता तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा.

भास्करकाका होते. जिममध्ये पहिल्यांदाच आले होते. दम लागलेला. त्यांनी काठी पट्ट्यांच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "चालू द्या. मी बगायला आलो."

दिन्याने बोट टोचलं. आकडा आला, हेमंतच्या बरोबरीचा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ह्या वेळी दिन्याने पोझ दिली नाही. तो बापाकडे बघत होता.

काका मशीनकडे बघत राहिले. मग सदऱ्याची बाही वर केली आणि हात पुढे केला. "माजा पन घे."

दिन्याने बापाचं बोट धरलं. टोचलं. काकांनी डोळे मिटले नाहीत. आकडा आला, पण ह्या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इतका मोठा आकडा आम्ही त्या मशीनवर कधी बघितला नव्हता. हेमंतने नजर वळवली.

काकांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. "सगळ्यांत मोटा कुनाचा?"

पोरं दिन्याकडे बघायला लागली.

"तुमचा, बाबा," दिन्या म्हणाला.

"मंग?" काका म्हणाले, आणि दोन्ही हात वर करून त्यांनी दंडांची पोझ दिली. बारीक दंड, ढिली कातडी, सुटलेलं पोट, आणि डोळे सरळ दिन्याकडे.

खाली दिन्याला पालघरला न्यायला रिक्षा उभी होती. तिच्यात आता बापलेक दोघं बसणार होते.

मी आयुष्यभर जे सांगत आलोय तेच म्हटलं. "काका, पोट आत."

त्यांनी घेतलं.