कासा म्हणजे घर

माझ्या सकाळच्या स्पॅनिशच्या वर्गाला एक आजोबा लांब धायरीहून सगळ्यांच्या आधी येत. वय सत्तरीचं. नवा शब्द शिकवला की कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्याची दहा वाक्यं लिहीत. ‘कासा’ म्हणजे घर, हे शिकवलं त्या दिवशी पान भरलं तरी ते थांबेनात. घरी जातो, घरी आहे, घरी ये. मी म्हणालो, “अहो, पुरे आता, घर झिजेल.” ते हसले नाहीत. “नातीशी एवढंच बोलायचंय, सर.”

त्यांचा मुलगा स्पेनमध्येच वारला होता. पुढे तिथल्या सुनेचं पत्र आलं, ते त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं. तिने स्पष्ट लिहिलं होतं, ‘आमच्या घरी येऊ नका.’ माझी जीभ रेटेना. “सध्या नको, उन्हाळ्यात या म्हणतेय,” असं मी ठोकून दिलं. त्यांनी तिकीट काढलं.

निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. वर पत्रातलं ते वाक्य, खाली त्यांनी स्वतः केलेलं मराठी.

“तपासता का, सर? चुकलं असेल तर बरं होईल.”

एकही चूक नव्हती. मी खाली ‘बरोबर’ लिहिलं. माफी तेव्हाही मागितली नाही.